रविवारच्या मटणाची हाडे कुत्र्याला द्यावीत का?

लोकमान्यनगरकर (धागाकर्ता):
आमच्या घरी लॅब्राडोर जातीचा तरुण कुत्रा आहे. रविवारी मटण झाले की ताटातली हाडे त्याच्या भांड्यात जावीत असा वडिलांचा आग्रह असतो, आणि एकही हाड जाऊ नये असा पत्नीचा. वडिलांचे म्हणणे असे की देवासकडच्या गावी राखणीच्या कुत्र्यांसाठी वेगळे काही शिजवण्याची पद्धतच नव्हती. शिळी भाकरी, ताक आणि सणावारी हाडे एवढ्यावर ती कुत्री धडधाकट राहत. पत्नीने लसीकरणाच्या वेळी पशुवैद्यांना विचारले, तेव्हा ‘शिजवलेले हाड अजिबात नको’ एवढे सांगून ते पुढच्या कुत्र्याकडे वळले. बाहेर रांग होती, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. पण कारण न कळल्यामुळे घरातला वाद जिथल्या तिथे राहिला आहे.

आता आषाढी अमावास्या तोंडावर आली आहे. श्रावण लागण्यापूर्वी अर्ध्या वसाहतीत मटण शिजेल आणि रात्री कोपऱ्यावरच्या कुत्र्यांपुढे हाडांच्या पिशव्या रिकाम्या होतील. त्यामुळे घरच्या कुत्र्याबरोबरच त्यांचाही विचार या धाग्यात व्हावा. आक्षेप फक्त शिजवलेल्या हाडाला आहे की कच्च्यालाही? कुकरमध्ये भरपूर शिट्ट्या काढून मऊ केलेले हाड चालते का? ज्यांना यातले खरोखर माहीत आहे त्यांनी कृपया कारणांसह लिहावे. ‘आमच्याकडे कधी काही झाले नाही’ हे उत्तर घरात रोज ऐकायला मिळते.

सांवेरचा शेतकरी:
तेच उत्तर मी देणार आहे, त्याबद्दल राग नसावा. आमच्या शेतावर माझ्या आठवणीत कायम कुत्री आहेत आणि बोकड कापला की त्यांचा वाटा ठरलेला असतो. खाटीक जे टाकून देतो ते सगळे ती खातात. कुत्र्याला देवाने दात दिले आहेत ते दूध-पोळी खाण्यासाठी दिलेले नाहीत. शहरात कुत्रा सोफ्यावर आला, मग त्याचे अन्न पाकिटात आले, आणि पाकिटे खपायची तर हाड वाईट ठरवावेच लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा.

शंकेखोर:
दादा, आपल्या शेतावरच्या कुत्र्यांबद्दल मला शंका नाही, शंका आहे ती मोजणीबद्दल. गावातला एखादा कुत्रा चार दिवस खाणे सोडतो, कोपऱ्यात पडून राहतो आणि मरतो, तेव्हा तो कशाने मेला हे कोणी पाहते का? ‘काहीतरी चावले असेल’ म्हणून आपण त्याला पुरतो. जे जगले ते डोळ्यांसमोर हिंडत असतात, म्हणून सगळेच जगले असे वाटते. शिवाय आपण स्वतःच लिहिले आहे की खाटीक टाकतो ते ती खातात, म्हणजे कच्चे. धागाकर्त्याचा प्रश्न रस्सा झाल्यानंतरच्या हाडांचा आहे.

निवृत्त पशुवैद्य:
माझे शिक्षण महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात झाले, नोकरी माळव्यात झाली आणि आता मी निवृत्त आहे. तेव्हा पाकिटे विकण्याच्या आरोपातून मला वगळावे.

हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फरसच्या खनिजाचा असतो आणि उरलेल्यापैकी बहुतेक भाग कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांचा. खनिजामुळे हाड कठीण होते आणि धाग्यांमुळे चिवट राहते. शिजवताना या कोलॅजेनचे जिलेटिन होते. पायाचे सूप थंड झाल्यावर थरथरीत गोठते ते त्यामुळेच. म्हणजे हाडाला धरून ठेवणारा भाग सुपात उतरतो आणि मागे उरतो तो कठीण पण ठिसूळ सांगाडा. भाजलेल्या, तळलेल्या किंवा तंदुरीतल्या हाडाचा ओलावाही गेलेला असल्यामुळे ते आणखी वाईट. असे हाड दाताखाली आले की दबून चुरडत नाही, तर त्याच्या लांबट, तिरप्या टोकाच्या कपच्या निघतात.

त्यात कुत्रा माणसासारखा चावून खात नाही. त्याच्या मोठ्या दाढा कात्रीसारख्या एकमेकींवरून सरकतात. त्या तुकडे पाडतात, बारीक दळत नाहीत. घशातून जाईल एवढा तुकडा झाला की तो गिळायचा, ही त्याची रीत. घरात दुसरा कुत्रा असेल किंवा मालक हाड काढून घेईल अशी धास्ती असेल, तर तेवढाही वेळ तो घेत नाही.

गिळलेला तुकडा पोटात पोहोचला तर पुष्कळदा निभावते, हे मी मोकळेपणाने सांगतो. कुत्र्याच्या जठरातले आम्ल तीव्र असते आणि लहान तुकडे त्यात विरघळतात. खरी अडचण वाटेत आहे. अन्ननलिकेत तीन जागा अशा आहेत की तिथे ती पुरेशी ताणली जाऊ शकत नाही: छातीत शिरताना, हृदयाच्या तळाशी, आणि जठराच्या थोडे अलीकडे मध्यपटलापाशी. बोकडाच्या मणक्याचा तुकडा, ज्याला दोन्ही बाजूंनी पंखांसारखी टोके असतात, तो यांपैकी एका जागी रुतला की स्नायू त्याला ढकलत राहतात आणि टोके भिंतीत घुसत जातात. काही तासांतच तिथल्या भिंतीचा रक्तपुरवठा दबू लागतो. पुढे भोक पडले तर लाळ आणि अन्न छातीच्या पोकळीत उतरते. तुकडा सुखरूप निघाला तरी जखम भरताना नळी आवळली जाऊ शकते आणि मग त्या कुत्र्याला कायम पातळ अन्नावर ठेवण्याची वेळ येते. पोमेरेनियन, स्पिट्झ, टेरियर अशा लहान जातींत हा प्रकार जास्त दिसतो, कारण हाड तेवढेच असते आणि नळी लहान असते.

पुढच्या तक्रारी कमी नाट्यमय आहेत पण जास्त वेळा येतात. भरपूर हाडे खाल्लेल्या कुत्र्याची विष्ठा पांढरी, खडूसारखी आणि इतकी घट्ट होते की तो वाकून वाकून कुंथतो आणि काहीच पडत नाही. अशा वेळी भूल देऊन एनिमाने आतडे मोकळे करावे लागते. कपच्यांनी आतड्याला ओरखडे पडले की रक्तमिश्रित जुलाब होतात. हाडाच्या नळीतल्या चरबीने स्वादुपिंडाला सूज आलेली कुत्रीही आमच्याकडे येत. आणि दात: वरच्या जबड्याची चौथी उपदाढ, जिच्यावर सगळा जोर येतो, तिचा बाहेरचा पापुद्रा उभा तुटतो आणि आतली नस उघडी पडते. मालकाला ते महिनोन्महिने कळत नाही, कारण कुत्रा दुसऱ्या बाजूने खात राहतो.

लांडगे हाडे खातात हा मुद्दा कोणीतरी काढणारच आहे, म्हणून आधीच सांगतो. लांडगा कच्चे हाड मांस, कातडे आणि केसांसकट खातो. आणि मोडलेले दात रानटी लांडग्यांच्या कवट्यांमध्येही सर्रास सापडतात.

पाटा-वरवंटा:
डॉक्टरसाहेबांनी सांगितलेले कोणाला पटत नसेल तर स्वयंपाकघरात पाहता येते. चिकनच्या कच्च्या तंगडीचे हाड मांस काढून दोन्ही हातांनी वाकवावे. ते आधी थोडे लवते, मग मोडते, आणि मोडल्यावरही दोन तुकड्यांना जोडणारे धागे शिल्लक राहतात. तंदुरी चिकनच्या तंगडीचे हाड तसेच धरावे. ते कट्‌कन तुटते आणि तुटलेल्या जागी पेनाच्या निबासारखे तिरपे टोक तयार होते. ते टोक अंगठ्यावर दाबून पाहिले की वेगळे पुरावे लागत नाहीत. बाजारातला ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचाच असतो, त्यामुळे त्याची हाडे मुळात कोवळी असतात. गावठी कोंबडीचे हाड शिजल्यावर याहून कठीण राहते.

कुकरबद्दल विचारले आहे. भरपूर शिट्ट्या काढल्या की चिकनच्या हाडाची दोन्ही टोके बोटांत कुस्करता येतात, आणि त्यावरूनच लोकांचा समज होतो की हाड मऊ झाले. मधली दांडी मात्र तशीच राहते आणि दाबली की उभी चिरते. मटणाच्या नळीचे तर काहीच होत नाही. ती दांडीही बोटांत पीठ होईपर्यंत शिजवायची म्हणजे तासन्‌तास गॅस जाळायचा, आणि तेवढे करून कुत्र्याला मिळणार काय, तर खडूची भुकटी.

या चर्चेत अजून न आलेली एक गोष्ट सांगते. आपल्या मटणाची हाडे कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मुरलेली असतात, आणि कांदा व लसूण दोन्ही कुत्र्याला बाधतात, शिजवलेले असले तरीही. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तात दोष दिसू लागतो. म्हणजे पाच किलोच्या पोमेरेनियनला एक मध्यम कांदा पुरतो, आणि मटणाच्या दाट रश्श्यात तो कांदा दिसतही नाही. हाड चाटून साफ केले तरी वाटण त्याच्या खळग्यांत बसलेले असते.

लाड करायचाच असेल तर वाटण घालण्याआधी, कांदा-लसूण न घालता केवळ हळदीवर शिजवलेल्या मटणाचे चार तुकडे हाडावरून सोडवून घ्यावेत आणि अळणी पाण्यात पोळी कुस्करून त्यावर घालावेत. हाडावर त्याचा जीव असतो तो वासासाठी, आणि तो वास त्या पाण्यात पुरेपूर उतरलेला असतो.

कच्चे तेच सच्चे:
शिजवलेल्या हाडाबद्दल वर जे लिहिले आहे ते सर्व मान्य. पण त्या जोरावर कच्चे हाडही एकाच फटक्यात बाद करू नये. मी आमच्या दोन्ही जर्मन शेफर्ड कुत्र्यांना आठवड्यातून एकदा म्हशीच्या गुडघ्याचे कच्चे हाड देतो. ते त्यांच्या तोंडापेक्षा मोठे असते, म्हणजे गिळण्याचा प्रश्न येत नाही. अर्धा-पाऊण तास ती ते कुरतडतात आणि मी तिथेच खुर्ची टाकून बसतो. त्यांच्या दातांवर किटण नाही. याला शास्त्राचाही आधार आहे. ब्राझीलमधील संशोधकांनी आठ प्रौढ बीगल कुत्र्यांना गुरांची कच्ची हाडे चघळायला दिली, आणि दोन-तीन आठवड्यांच्या आतच दातांवरचे किटण ठळकपणे कमी झाले. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला आहे. भूल देऊन दात साफ करून घेण्यापेक्षा हा मार्ग मला सोपा वाटतो. त्याशिवाय हाड कुरतडताना कुत्र्याचे डोके शांत होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

शंकेखोर:
तो अभ्यास मीही वाचला आहे आणि किटण कमी झाले हे खरे आहे. परंतु आठ कुत्री आणि काही दिवस एवढ्यावरून किटणाबद्दल काही सांगता येते, धोक्याबद्दल नाही. दर काही शेकड्यांत एखाद्या कुत्र्याचा दात मोडत असेल, तर तो आठांत दिसणारच नाही. कच्च्या हाडाचा दुसरा हिशेबही मांडायला हवा. मेलबर्न विद्यापीठातील पशुवैद्यांनी २०१८ साली पक्षाघात झालेल्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्याचे मागचे पाय आधी लुळे पडतात, मग पुढचे, आणि काहींना श्वासही घेता येत नाही, असा हा मज्जातंतूंचा विकार आहे. कच्चे चिकन, विशेषतः कोंबडीच्या माना, खाणाऱ्या कुत्र्यांत तो अधिक आढळला आणि त्याचा संबंध कच्च्या चिकनमधल्या कॅम्पिलोबॅक्टर या जंतूशी दिसून आला. आपल्याकडे चिकनच्या दुकानातून माना आणि पाय स्वस्तात आणून कुत्र्यांना घालणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले. साल्मोनेला आहेच, आणि तो फ्रीजरमध्ये ठेवून मरत नाही. घरात रांगते मूल किंवा आजारी वृद्ध असेल तर कुत्र्याने जिथे हाड चघळले ती फरशी हाही विचार करण्याचा विषय होतो.

बाजारात मिळणाऱ्या भाजलेल्या, धुरावलेल्या, पाकीटबंद हाडांबद्दलही एक नोंद करतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोव्हेंबर २०१० ते सप्टेंबर २०१७ या काळात अशा हाडांविषयी सुमारे ६८ तक्रारी आल्या. त्यांत जवळपास ९० कुत्री आजारी पडलेली होती आणि सुमारे १५ दगावली. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा लहान आहे, असे कोणी म्हणेल. परंतु कोणीतरी आपणहून कळवले तेवढेच त्यात आले आहे. सांवेरच्या दादांनी पाकिटांवर राग काढला होता. पाकिटातल्या हाडाच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे.

निवृत्त पशुवैद्य:
कच्चे हाड देणाऱ्या सदस्यांची पद्धत त्यातल्या त्यात जबाबदारीची आहे, हे मान्य करायला हवे. तोंडापेक्षा मोठे हाड, दोन कुत्र्यांना वेगवेगळ्या जागी, समोर बसून, आणि झिजून लहान होताच काढून घेणे: एवढे पाळले तर गुदमरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. मात्र म्हशीच्या पायाचे हाड फार कठीण असते. अंगठ्याचे नख रुतवून जिथे जराही खूण उठत नाही, ती वस्तू कुत्र्याच्या दाताला जड आहे असा एक साधा नियम आहे. या हाडावर ती उठत नाही. आपल्या कुत्र्यांचे किटण गेले असेल, पण वरच्या चौथ्या उपदाढेवर बारीक चीर आहे का हे एकदा तपासून घ्यावे, ही विनंती.

शेतकरी दादांसाठी वेगळे लिहितो, कारण माझ्या दृष्टीने त्यांच्या घरचा धोका हाडाचा नाहीच. बोकड किंवा मेंढा कापल्यावर काळीज आणि फुप्फुसांवर कधीकधी पाण्याने भरलेले पांढरे फोड दिसतात आणि खाटीक तो भाग कुत्र्यापुढे फेकतो. त्या फोडांत एका फीतकृमीची पिल्ले असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे काही मिलिमीटर लांबीचे कृमी होतात. कुत्र्याला त्याचा त्रास जवळजवळ होत नाही, म्हणून तो धडधाकटच दिसतो. पण त्याच्या विष्ठेतून पडणारी अंडी हाताला, भाजीला, पाण्याला लागून माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी वाढतात आणि त्या कळायला वर्षे लागतात. तेव्हा बोकड कापण्याच्या दिवशी तो भाग कुत्र्याला न घालता खोल पुरावा, आणि कुत्र्यांना प्रॅझिक्वांटेल असलेले जंताचे औषध नियमित द्यावे.

सांवेरचा शेतकरी:
फोड पाहिले आहेत. त्यांचा असा अर्थ असतो हे माहीत नव्हते. औषधाचे पाहतो. हाडाबद्दलचे माझे मत कायम आहे.

लोकमान्यनगरकर:
वडिलांना हा धागा वाचून दाखवला. त्यांचा आता एकच मुद्दा उरला आहे: हाडे बंद केली तर कुत्र्याला कॅल्शियम कुठून मिळणार? त्यांच्या मते पूर्वीची कुत्री हाडांमुळेच बळकट होती आणि आजची दूध-पोळीवाली कुत्री मऊ पायांची निघतात.

निवृत्त पशुवैद्य:
आपल्या वडिलांचे निरीक्षण चुकीचे नाही, आणि या प्रश्नाबद्दल त्यांचे आभार मानतो. केवळ पोळी-भात किंवा केवळ मांस यांवर वाढलेल्या पिल्लांचे पाय वाकतात, क्वचित उडी मारताच हाड मोडते. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. आहारात दोहोंचे प्रमाण एकास एक ते दोनास एक यांच्या दरम्यान राहावे लागते. ते बिघडले की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढून घेते. गावाकडे कुत्र्यांना कच्ची हाडे मिळत, म्हणून तिथे ही तूट भरून निघत असावी.

परंतु ती तूट भरायला हाडच हवे असे नाही. अंड्याची टरफले धुऊन, वाळवून, थोडी भाजून मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी दळली, तर त्या पुडीच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. आपल्या कुत्र्याला किती द्यायचे हे त्याचे वजन आणि इतर आहार पाहून आपल्या पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे, कारण अंदाजाने चमचे वाढवण्याचेही तोटे आहेत. लॅब्राडोर किंवा ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांना कॅल्शियम जादा झाले तर त्यांची हाडे वेडीवाकडी वाढतात. जे तयार, संतुलित खाद्य देतात त्यांनी वेगळे काहीही घालू नये.

कोपऱ्यावरची ताई:
रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. २०१७ पासून सलग काही वर्षे आपल्या इंदूर शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर आला, याचा मलाही अभिमान आहे. पण उघड्या कचराकुंड्या गेल्या आणि घरोघरी गाडी आली, तेव्हा कुंड्यांवर जगणाऱ्या कुत्र्यांचे अन्नही गेले. आता ती आपल्या दारांवर अवलंबून आहेत. त्यामुळे अमावास्येच्या रात्री कोणी हाडांची पिशवी ओतली तर ती भुकेली कुत्री न चावता गिळणार, हे ठरलेलेच आहे. एका ढिगावर आठ कुत्री तुटून पडतात तेव्हा होणारी भांडणे वेगळीच, आणि त्याच वेळी एखादे लहान मूल सायकलवरून तिथून जात असेल तर चावा त्याला बसतो. घरच्या कुत्र्याला दुखले तर कोणीतरी पाहील. यांच्या घशात हाड अडकले तर ते कळणार तरी कोणाला?

पुण्यच करायचे असेल तर भातात उरलेले मांस आणि एखादे उकडलेले अंडे कालवावे आणि वेगवेगळ्या कागदांवर थोडे थोडे, अंतर ठेवून वाढावे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांच्यानुसार खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून आणि येण्याजाण्याच्या दारांपासून दूर ठरवायची असते, आणि ती ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघाची आहे. आमच्या गल्लीत तशी जागा ठरली आणि हाडे मात्र ओल्या कचऱ्यात, कागदात घट्ट गुंडाळून, सकाळी थेट गाडीत जातात. रात्री दाराबाहेर ठेवलेली पिशवी सकाळपर्यंत टिकत नाही, हे सांगायला नकोच.

नवी सदस्या:
मी फक्त वाचण्यासाठी आले होते, पण एक विचारते. आमच्या शेजाऱ्यांच्या बीगलने मटणाच्या नळीचे गोल कडे चघळताना खालच्या जबड्यात अडकवून घेतले. ते सुळ्यांच्या मागे सरकले आणि निघेना. कुत्रा पंजे मारून तोंड रक्ताळत होता. शेजाऱ्यांनी तेल लावून ओढून पाहिले, शेवटी दवाखान्यात भूल देऊन ते कापावे लागले. असे काही झाले, किंवा हाड गिळले अशी शंका आली, तर घरी काय करावे आणि काय करू नये?

निवृत्त पशुवैद्य:
कड्याच्या बाबतीत ओढाओढ करू नये. जबड्याला सूज येत जाते आणि दर ओढीला ते अधिक घट्ट होते. शिवाय वेदनेने वेडापिसा झालेला सर्वांत प्रेमळ कुत्राही चावतो. त्याला शांत ठेवून दवाखान्यात न्यावे, कापण्याचे काम तिथे काही मिनिटांचे असते. नळीची अशी आडवी कापलेली कडी घरात येऊच नयेत हे उत्तम, पण खाटकाला ते सांगणे कठीण, कारण रश्श्याला चव तिचीच.

गिळल्याची शंका असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये, कारण जाताना न लागलेले टोक परत येताना लागते. कापूस, केळी, तूप असले उपायही करू नयेत. अन्ननलिका अडलेली असेल तर वरून घातलेले सारे श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मान ताणून धरणे, सारखे गिळण्याचा प्रयत्न करणे, लाळ गळणे, आणि पाणी प्यायल्याबरोबर पोटाला पीळ न पडताच ते तसेच बाहेर येणे, ही अन्ननलिकेत काहीतरी अडल्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर सकाळपर्यंत थांबू नये. श्वासच अडत असेल, हिरड्या निळसर दिसत असतील, तर तोंड उघडून डोळ्यांना दिसणारा तुकडाच काढावा, आंधळेपणाने बोट घालू नये, आणि लगेच निघावे. कोणतेही लक्षण नसेल तरी फोनवर विचारून एक्स-रे काढण्याची गरज आहे का हे ठरवून घ्यावे. हाड त्यात बहुधा स्पष्ट दिसते. त्यानंतर दोन-तीन दिवस जेवण, उलटी आणि विष्ठा यांवर लक्ष ठेवावे. डांबरासारखी काळी विष्ठा किंवा पुढचे पाय खाली टाकून मागचा भाग उंच धरून उभे राहणे दिसले, तर पुन्हा दवाखाना गाठावा.

दवाखान्यात जाताना पातेल्यात उरलेला तशाच हाडाचा एखादा तुकडा कागदात बांधून बरोबर न्यावा. तो मणका होता की बरगडी, शिजलेला की कच्चा, केवढा, आणि किती वाजता खाल्ला, हे कळले की दुर्बिणीने काढायचे, आत जठरात ढकलायचे की पोट उघडायचे, याचा निर्णय डॉक्टरांना लवकर घेता येतो. जेवायला काही देऊ नये. भूल देण्याची वेळ आलीच तर पोट रिकामे असलेले बरे.